स्क्रिप्ट हाताने चालते पण क्रॉनमधून चालत नाही, सिस्टिमडी टायमरवर जाऊ का?

तुम्ही लिहिलंय की उबुंटू सर्व्हरवर डेटाबेस बॅकअपची स्क्रिप्ट हाताने चालवली की व्यवस्थित चालते पण क्रॉनटॅबमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या क्रॉनची यादी) रात्री २ ची लावली की सकाळी फोल्डरमध्ये काहीच नसतं, म्हणून सिस्टिमडीच्या टायमरवर (लिनक्समधली ठरल्या वेळी काम चालवायची दुसरी सोय) जायचा विचार आहे. माझं ऐका, आत्ता नका जाऊ. चूक कुठेय ते आधी शोधा, नाहीतर तीच चूक टायमरमध्ये पण येईल.

बहुतेक वेळा होतं असं की क्रॉनकडे तुमच्या लॉगिनमधलं काहीच नसतं. तुम्ही बॅशआरसीमध्ये (टर्मिनल उघडल्यावर वाचली जाणारी बॅशची सेटिंग फाइल) लिहिलेला पाथ (प्रोग्रॅम कुठे शोधायचे ती यादी), व्हेरिएबल्स, पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, यातलं काही त्याला दिसत नाही, आणि शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) पण बॅश नसतो, एसएच असतो, जो उबुंटूवर म्हणजे डॅश नावाचा साधा शेल, त्यामुळे बॅशचे अ‍ॅरे किंवा सोर्स वापरलं असेल तर तिथेच अडकतं. म्हणून प्रत्येक कमांडचा पूर्ण पाथ द्या आणि स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत बॅश स्पष्ट लिहा.

दुसरी गोष्ट, टक्क्याचं चिन्ह! क्रॉनटॅबच्या ओळीत टक्का आला की क्रॉन कमांड तिथेच तोडतो, पुढचं सगळं कमांडला इनपुट म्हणून देतो. मी एका ऑफिसात फाइलच्या नावात तारीख यावी म्हणून डेट कमांड थेट क्रॉनटॅबमध्ये लिहिली होती, तिच्यात टक्का असतोच, आणि तीन आठवडे एकही बॅकअप झाला नाही. फोल्डरमध्ये जुन्या फाइली होत्या म्हणून कुणी उघडून पाहिलं पण नाही, आणि एक दिवस टेबलमधला डेटा उडाला तेव्हा कळलं. ते दोन दिवस मी अजून विसरलो नाही. टक्क्याच्या आधी बॅकस्लॅश द्या, किंवा सरळ ती ओळ स्क्रिप्टच्या आत टाका, मला दुसरंच बरं वाटतं.

एरर का दिसली नाही? कारण क्रॉन आउटपुट मेलने पाठवतो, आणि मशीनवर मेल सर्व्हर नसेल तर ते फेकून देतो, सिसलॉगमध्ये (सिस्टिमची नोंदवही) फक्त तेवढी एक नोंद पडते. तर आजच आउटपुट आणि एरर दोन्ही एका लॉग फाइलमध्ये वळवा, आत्ताच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं पुढची वेळ लावून बघा आणि लॉग वाचा. नव्वद टक्के उत्तर तिथेच मिळेल.

वेळ पण तपासा. क्लाउडवरचे सर्व्हर बहुतेक यूटीसीवर (जागतिक प्रमाण वेळ) असतात, म्हणजे तुमचे रात्रीचे २ म्हणजे आपले सकाळचे साडेसात. आपल्या २ ला चालवायचं असेल तर यूटीसीत २०:३० लिहावं लागेल. टाइमझोन बदललात तर क्रॉन सर्व्हिस रिस्टार्ट करा, तो जुनाच धरून बसतो.

आता टायमर. मशीन रात्री बंद असतं का? लॅपटॉप असेल तर हो, टायमरच घ्या, त्याच्या सेटिंगमध्ये पर्सिस्टंट ट्रू केलं की चुकलेला रन मशीन चालू झाल्यावर होतो, क्रॉन तो सोडून देतो. शिवाय जर्नलमध्ये (सिस्टिमडीची नोंदवही) लॉग आपोआप मिळतो. फक्त युजर टायमर (तुमच्या लॉगिनखाली चालणारा) असेल तर लिंगर (लॉगआउटनंतरही तुमची कामं चालू ठेवणारं सेटिंग) चालू करायला विसरू नका, नाहीतर लॉगआउट केलं की तोही थांबेल. सर्व्हर चोवीस तास चालू असेल तर क्रॉन पुरेसा आहे.

आणि बॅकअपला वेळ लागत असेल तर फ्लॉक ही कुलूप लावणारी कमांड लावा म्हणजे आधीचा संपायच्या आत दुसरा सुरू होणार नाही. क्रॉनटॅब एडिट करताना कमांडमधल्या ई (एडिट) च्या जागी चुकून आर (रिमूव्ह) दाबू नका, दोन्ही की शेजारी आहेत आणि आर न विचारता सगळं पुसतं, म्हणून आधी क्रॉनटॅबची एक कॉपी काढून ठेवा. लॉगमध्ये काय येतं ते इथे टाका, मी बघतो.