टोटल नको, बेसिक विचार

प्रसाद,

मेसेज मिळाला. उशीर झाला, कारण इथे शटडाऊन (प्लँट बंद ठेवून करायची दुरुस्ती) चालू आहे आणि शटडाऊनमध्ये माणूस घरच्यांचासुद्धा फोन उचलत नाही.

तुझं म्हणणं मला समजलं ते असं: आयटीआय फिटर, लोटे एमआयडीसीत कंत्राटदाराकडे चार वर्षं, हातात 21 हजार. चिपळूणचा एजंट यूएईतल्या रिफायनरीचं काम सांगतोय, "टोटल 1500 दिरहम", खाणं-राहणं कंपनीचं, दोन वर्षांचा व्हिसा. त्या 1500 दिरहमचे आजच्या भावाने 35 हजार रुपयांच्या वर होतात. आणि तू दोन गोष्टी विचारल्यास: पगार बुडवतात का, आणि काम जिवावरचं असतं का. मी 14 वर्षं इथे आहे, आधी कुवेत, आता यूएई. माझ्या हिशेबाने तुझे हे दोन प्रश्न नाहीत, एकच आहे. ते कसं, ते आधी आकड्यांत दाखवतो.

एजंटला विचार, बेसिक, म्हणजे ओटी (ओव्हरटाइम) सोडून मूळ पगार, किती? तो म्हणेल, "अरे टोटल बघ ना." त्याला सोडू नकोस. समज बेसिक 800 निघाला. महिन्याचे 30 दिवस, दिवसाचे 8 तास धर, तर तासाला 3.33 दिरहम. इथल्या कायद्याने ओटीला किमान सव्वापट, म्हणजे 4.17. (आपल्याकडे कायद्याने ओटी दुप्पट आहे. मिळतो का, ते तुला लोट्यात माहीत असेलच.) आता शटडाऊनची ड्यूटी 12 तासांची, म्हणजे रोज 4 तास ओटी. 26 दिवसांचे 104 तास, त्याचे 433 दिरहम. 800 मध्ये मिळवले तर झाले 1233. अजून 1500 लांब आहेत. मग सुट्टीचे चार दिवसही कामावर जायचं, त्या दिवशी दीडपट, 12 तासांचे 60 दिरहम. चार दिवसांचे 240. बेरीज 1473.

कळलं का एजंटची "टोटल" कुठून आली? महिन्याचे 30 दिवस, रोज 12 तास, एकही सुट्टी नाही, मग कुठे ते 1500 च्या जवळ जातात. वर कॅम्प ते साइट बस, जाता-येता तासभर धर. अंघोळ, मेसची लाइन, घरी फोन. झोपायला पाच तास मिळाले तर नशीब.

आता दुसरा कागद धर. बेसिक 1200. तासाला 5, ओटीला 6.25. रोज फक्त 2 तास ओटी, सुट्टी घेऊन, तरी 325 मिळतात. बेरीज 1525. आकडा तोच, पण हा माणूस आठवड्यातून एक दिवस झोपतो. शिवाय नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते, पहिली पाच वर्षं दरवर्षी 21 दिवसांचा बेसिक. 800 वाल्याला वर्षाचे 560, 1200 वाल्याला 840. ओटी त्यात धरत नाहीत.

कायदा काय म्हणतो? दिवसाला 8 तास, आठवड्याला 48, ओटी दिवसाला 2 तासांपेक्षा जास्त नाही. मोठं नुकसान किंवा अपघात टाळायचा असेल तर अपवादाची वाट ठेवली आहे, आणि शटडाऊनमध्ये कंत्राटदाराला रोजच मोठं नुकसान दिसत असतं. पण खरी गोम वेगळीच आहे. बेसिक इतका कमी ठेवलेला असतो की ओटी तुला कुणी जबरदस्तीने करायला लावत नाही, तूच मागत जातोस. फोरमनने ओटी कापला तर तू त्याच्याशी भांडशील. मीही भांडलोय. माझं नाव सुट्टीच्या दिवसाच्या यादीत नव्हतं म्हणून टाइमकीपरच्या खोलीत जाऊन आवाज चढवलाय. आज ते आठवलं की स्वतःचंच हसू येतं.

आता जिवाचं. मी एका कंत्राटदाराकडे होतो, कुठला आणि कुठल्या प्लँटवर ते राहू दे. शटडाऊनचा एकोणिसावा दिवस, माझी रात्रपाळी, पहाटेचे साडेचार. दोन हीट एक्सचेंजर शेजारी शेजारी, ए आणि बी. दोन्ही सारखेच, जुळ्या भावांसारखे. ए ला ब्लाइंड (लाइन बंद करणारी लोखंडी चकती) टाकलेला, गॅस टेस्ट झालेली, परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, त्याचं. बी चालू लाइनवर. मी फ्लँजला (पाइपच्या जोडाला) स्लॉगिंग स्पॅनर लावला, हातोडा मारला, दोन नट ढिले केले. तिसऱ्याला स्पॅनर लावला आणि माझा हेल्पर, बिहारचा पोरगा, वीस-बावीसचा असेल, म्हणाला, "उस्ताद, टैग तो उधर है." मी वर बघितलं. काम कुठे करायचं ते दाखवणारा पिवळा टॅग शेजारच्या फ्लँजवर लटकत होता. माझ्या फ्लँजवर काहीच नव्हतं. मी बी उघडत होतो.

आत एचटूएसची, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड या विषारी गॅसची लाइन होती. हा गॅस थोडा असेल तर सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त असेल तर नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटतं गॅस गेला. त्याच्यापुढे दोन-चार श्वास. मी ते दोन नट परत टाइट केले, खाली बसलो, पाणी प्यायलो. मला काम येत नव्हतं असं नाही रे. मला तेव्हा फिटर म्हणून नऊ वर्षं झाली होती. फक्त एकोणीस दिवस पुरेशी झोप नव्हती. डोळे ए बघत होते आणि हात बी वर होते.

फोरमनला सांगितलं. तो म्हणाला, काही झालं नाही ना, मग कुणाला बोलू नको, सेफ्टीवाले आले तर परमिट बंद होईल, सगळ्यांची रात्र फुकट जाईल. मी गप्प बसलो. सगळ्यांची रात्र, म्हणजे सगळ्यांचा ओटी. त्या पोराने मला वाचवलं आणि मी त्याचा उपकारसुद्धा कागदावर येऊ दिला नाही.

इथे इंडक्शनला (नव्या माणसांच्या पहिल्या प्रशिक्षणाला) टेक्सासच्या एका रिफायनरीची गोष्ट सांगतात. टेक्सास सिटी, 23 मार्च 2005. एक युनिट परत सुरू करताना टॉवर प्रमाणाबाहेर भरला, हायड्रोकार्बन उसळून बाहेर आलं, स्फोट झाला. 15 माणसं मेली, 180 जखमी. मेलेले कंत्राटदारांच्या केबिनमध्ये किंवा त्यांच्या आसपास होते, त्या केबिन युनिटच्या जवळ ठेवल्या होत्या. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने चौकशी केली. कारणं बरीच निघाली, लेव्हलचं मीटर चुकीचं दाखवत होतं हे एक. पण त्यांनी हेही लिहिलं की ऑपरेटर 29 किंवा त्याहून जास्त दिवस सलग 12 तासांच्या पाळ्या करत होते आणि थकलेले असणार. 29 दिवस, 12 तास. तुझ्या 1500 चा हिशेब परत बघ. एजंट तुला तेच वेळापत्रक "चांगला पॅकेज" म्हणून विकतोय.

तिकडे पुढे काय झालं तेही तुला कळायला हवं. त्या बोर्डाने सांगितलं की थकव्याबद्दल नियम करा. तेल कंपन्यांच्या संस्थेने 2010 मध्ये शिफारशी काढल्या, पण कामगारांची युनियन त्याआधीच त्या ठरवायच्या बोलण्यांतून उठून गेली होती. मग 1 फेब्रुवारी 2015 ला युनियनने संप केला. सुरुवातीला नऊ ठिकाणी, नंतर आणखी वाढला, साडेसहा हजारांवर माणसं बाहेर. मागण्यांत नुसता पगार नव्हता, माणसं कमी आहेत, पाळ्या लांब आहेत, थकवा येतो, हे पुढे होतं. टेक्सास सिटीचा तो प्लँट तोवर दुसऱ्या कंपनीने घेतला होता, तिथले कामगार पहिल्या दिवसापासून संपात होते.

आपल्याला हे जमणारं नाही. यूएई, सौदी, कतार, कुठेही आपल्यासारख्याला युनियन नाही, संपाला परवानगी नाही. कुवेतला युनियन आहे, एप्रिल 2016 मध्ये तेल कामगारांनी तीन दिवस संप केला, उत्पादन एकदम खाली आलं. मी तेव्हा तिथेच होतो. पण तो संप कुवेती लोकांचा, त्यांच्या सरकारी पगाराचा. आम्ही कंत्राटदाराची माणसं बसमध्ये बसून कामावर गेलो.

तरी भांडणं होतात. वर सांगितलेल्याच कंत्राटदाराकडे टाइमकीपरने दोन महिने ओटीतून रोज एक तास कापला, कारण काय तर जेवणाची सुट्टी. एका पहाटे कॅम्पातली माणसं बसमध्ये चढलीच नाहीत. घोषणा नाहीत, दगड नाहीत, नुसती गेटपाशी उभी. साडेनऊपर्यंत ऑफिसचे लोक आले, एका महिन्याचा कापलेला ओटी दिला. आणि पुढच्या आठवड्यात जे तिघं पुढे बोलले होते त्यांचे व्हिसे रद्द. एक आपला सांगलीचा होता. दुसऱ्या महिन्याचे पैसे मला मिळाले ते वेगळ्या वाटेने. मी रोज वहीत लिहायचो: किती वाजता बस, किती वाजता परत, कुठलं परमिट, कुठला फोरमन. टाइमशीटचा फोटो. हे घेऊन कामगार मंत्रालयात तक्रार केली. वेळ लागला, पण पैसे आले. आता तर 50 हजार दिरहमपर्यंतच्या दाव्यावर मंत्रालय स्वतःच निर्णय देतं, 2024 पासून. तू आलास तर पहिल्या दिवसापासून वही ठेव. पगार बँकेतूनच घे, रोख घेऊ नकोस. पासपोर्ट कंपनीला ठेवून घेता येत नाही, मागितला तर झेरॉक्स दे.

राहायच्या जागेबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, आणि ते सगळेच विसरतात. 12 जून 2024, कुवेतमधलं मंगाफ. कामगारांच्या इमारतीत पहाटे आग लागली. 45 भारतीयांचे मृतदेह हवाई दलाच्या विमानाने आधी कोचीला आले. बहुतेक जण धुराने गेले, झोपेत. ते लोक प्लँटवर नव्हते, परमिट नव्हतं, हार्नेस नव्हता. म्हणून एजंटला हेही विचार: खोलीत किती माणसं, जिने किती, स्वयंपाक खोलीतच करतात का. तो हसेल. हसू दे.

आता कागद. एजंट परवानाधारक आहे का ते भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं. त्याला कायद्याने 30 हजार आणि त्यावर जीएसटी, म्हणजे 35,400 घेता येतात. तो दीड लाख सांगत असेल तर कुणाचं तरी पोट भरायचं आहे. इथल्या कायद्याप्रमाणे तर भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायचाच नसतो. तू दहावी पास आहेस, म्हणजे तुझा पासपोर्ट ईसीएनआर (कामासाठी परदेशी जायला सरकारी मंजुरी न लागणारा) असणार आणि एमिग्रेशनची ती चाळणी तुला लागणार नाही. एजंट ते फायद्याचं म्हणून सांगेल. उलट आहे. चाळणी नाही म्हणजे तुझा कागद सरकारी माणूस वाचणार नाही, तुलाच वाचावा लागेल. तुझ्या पासपोर्टवर मिळत असेल तर प्रवासी भारतीय विमा योजना घेऊन ये, 10 लाखांचं कवच आहे आणि हप्ता काहीशे रुपये. आणि व्हिजिट व्हिसावर "नंतर बदलू" म्हणाला तर तिथेच नमस्कार कर.

इथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातलं ऑफर लेटर मागून घे. ते हिंदीतही मिळतं, नीट वाचता येईल. तिथे बेसिकचा रकाना वेगळा असतो. इथे आल्यावर करार त्याच्यापेक्षा कमी करता येत नाही.

येऊ की नको, हे मी सांगणार नाही. माझं गुहागरचं घर ओटीवरच उभं राहिलंय, तेव्हा मी कुठल्या तोंडाने नको म्हणू. पण 800 बेसिकवर मी तुला पाठवणार नाही, 1200 वर विचार करू.

लेटर आलं की फोटो पाठव. दोन्ही बाजूंचा. ओटीचं वाक्य बहुतेक मागच्या पानावर असतं.