लाल गेला, फिरोजी राहिला

प्रश्न : सोलापुरात आमचं सूत रंगवण्याचं छोटं डाइंग आहे, टॉवेलवाल्यांचं काम. एका विक्रेत्याने 'रंग खाणाऱ्या जिवाणूंची' पावडर दिली. जिवाणूंना हवा लागते म्हणून टाकीत पंधरा दिवस ब्लोअर रात्रंदिवस चालवला. पाणी होतं तसंच लाल. फसलो का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : पावडर कशी होती ते इथे बसून सांगता येणार नाही, पण तुम्हाला ब्लोअर नडला असणार.

तुमच्याकडचे बहुतेक लाल, पिवळे, काळे रंग अझो जातीचे. त्यांत नायट्रोजनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात. रंग दिसतो तो या जोडीपायी. जिवाणू तिला इलेक्ट्रॉन देऊन तोडतात. पण पाण्यात ऑक्सिजन असला की ते इलेक्ट्रॉन आधी तोच पळवतो. मी कोल्हापूरला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे तेव्हा मुलांना दोन फ्लास्क दाखवायचे. रंग तोच, जिवाणू तेच. एक शेकरवर रात्रभर गरगरणारा, दुसरा कोपऱ्यात नुसता ठेवलेला. सकाळी शेकरवरचा लालभडक आणि कोपऱ्यातला ताकाच्या निवळीसारखा. 'मॅडम, फ्लास्क बदलले का?' हे दरवर्षी कुणीतरी विचारायचंच.

तेव्हा पहिल्या टाकीत हवा बंद. सोड्यामुळे तुमचं पाणी १०-११ पीएचचं असेल, ते आम्ल घालून ७-८ वर आणा. थोडा गूळ घाला. नुसत्या रंगावर जिवाणू जगत नाहीत. आधी हे सगळं बाटलीत करून बघा. पाणी निवळलं तर तळाचा गाळ पाहा. तो लालच असेल तर रंग तुटला नाही, गाळाला चिकटलाय.

आणि रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध झालं, असं विक्रेते सांगतात ते मला मुळीच पटत नाही. जोडी तुटल्यावर अरोमॅटिक अमाइन, म्हणजे रंगाच्या रेणूचे नायट्रोजनवाले तुकडे, उरतात. बिनरंगी, पण काही रंगापेक्षा घातक. ब्लोअर लागतो तो इथे, दुसऱ्या टाकीत; हवा लागणारे जिवाणू त्यातली बरीचशी अमाइन पचवतात. सल्फोनेटवाली (गंधकाचा सल्फोनेट गट जोडलेली) अमाइन मात्र चिवट असतात. रंगवताना घातलेल्या मिठाला तर जिवाणू हातही लावत नाहीत, त्याची सोय वेगळी करावी लागते.

मीठ म्हणून ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) वापरत असाल तर बिनहवेच्या टाकीतून सडक्या अंड्यांचा वास येईल. तो हायड्रोजन सल्फाइड. माणूस जागीच पडतो, तेव्हा गाळ काढायला कुणाला आत उतरवू नका.

फिरोजी रंगाचं पाणी वेगळ्या टाकीत घ्या. तो अझो नाही, तांब्याचा थॅलोसायनिन आहे. तोडायला ती जोडीच त्यात नसते. लाल-काळ्यात मिसळलात तर टाकी शेवटपर्यंत हिरवट-निळी राहील आणि बोल पुन्हा पावडरीला लागेल.