आरक्षण पडलं म्हणजे नेमकं काय पडलं?

(या सदरात एक निवृत्त नगररचनाकार वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : मॅडम, आमच्या नगरपरिषदेचा नवा विकास आराखडा गेल्या आठवड्यात लागला. वडिलांनी १९९८ मध्ये नोटरीवर दोन गुंठे घेतले होते, त्यातून अठरा मीटरचा रस्ता दाखवलाय. घर बांधून वीस वर्षं झाली. चौकशीला गेलो तर टेबलावरचे साहेब मान वर न करता म्हणाले, ‘हरकत द्या.’ कशी द्यायची, कुणाला द्यायची, काही नाही. नगररचना खातं बिल्डरांसाठीच आहे का? – एक वाचक, मराठवाडा

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेते. चौतीस वर्षांच्या नोकरीत तो मी इतक्या वेळा ऐकलाय की आता त्याचा रागही येत नाही. बिल्डरचा माणूस आमच्या कार्यालयात रोज येतो. कुठली फाइल कुठल्या कपाटात आहे हे त्याला शिपायाच्या आधी माहीत असतं. साधा माणूस आयुष्यात दोनदा येतो, घर बांधायचं असतं तेव्हा आणि घर वाचवायचं असतं तेव्हा. त्यामुळे कार्यालयाला सवय लागते ती रोज येणाऱ्याच्या भाषेची. ‘हरकत द्या’ हे त्याच भाषेतलं वाक्य. साहेबांनी चूक सांगितलं नाही, पण अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं मी सांगते.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ प्रमाणे प्रारूप, म्हणजे कच्चा, आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. ते मोजायचे राजपत्रातल्या सूचनेच्या तारखेपासून, तुम्हाला कळलं त्या दिवसापासून नव्हे. म्हणजे तुमचे काही दिवस गेलेच आहेत. हरकत कुणीही घेऊ शकतं, कायद्यात ‘कोणतीही व्यक्ती’ असंच म्हटलंय. सातबारा नावावर नाही म्हणून गप्प बसू नका. भाडेकरूसुद्धा हरकत देऊ शकतो.

आता नकाशा. दोन गुंठे म्हणजे २,१७८ चौरस फूट. चौकोनी धरला तर बाजू साधारण चौदा मीटरची. अठरा मीटरचा रस्ता मधून गेला तर प्लॉट उरतच नाही. पण तो खरंच मधून गेलाय का? १:४००० च्या नकाशावर एक मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर चार मीटर. भिंतीवर लावलेल्या नकाशाकडे लांबून बोट दाखवून ‘गेलं आपलं घर’ म्हणणारे निम्मे लोक बोट चुकीच्या जागी ठेवतात, हे मी कित्येकदा पाहिलंय. म्हणून आधी तुमच्या गटाचा भाग नकाशा फी भरून घ्या, मोजणीचा नकाशा असेल तर तो शेजारी ठेवा आणि रस्ता किती खातो ते बघा. कडेचा तुकडा जात असेल तर हरकत वेगळी लिहावी लागते, सगळं घर जात असेल तर वेगळी.

मी एका तालुक्याच्या गावी असताना दोन हरकती लागोपाठ आल्या. एका निवृत्त शिक्षकांनी अकरा पानं लिहिली होती. वळणदार अक्षर, संतवचनं, नगरपरिषदेचा सगळा इतिहास. गट नंबर मात्र कुठेच नाही. ते राहतात कुठे हे शोधायला आमच्या आरेखकाला अर्धा दिवस लागला. दुसरी हरकत एका शेतकरी बाईंची. दीड पान, तेही नातवाने लिहिलेलं. ‘गट अमुक, तुमच्या रस्त्यात आमची विहीर आहे, सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद आहे, सोबत उतारा.’ आराखड्याआधी जमीन वापराचं सर्वेक्षण होतं, त्यात कर्मचारी गल्लोगल्ली फिरून पिवळा रहिवास, निळा वाणिज्य, असे रंग भरतात. ती विहीर बाभळींच्या आड होती आणि आमच्या लोकांच्या नजरेतून सुटली. चूक आमचीच. सुनावणीत मी ती कबूल केली, समितीने रस्ता विहिरीवरून काढून गटाच्या बांधाने न्यायची शिफारस केली. बाई जाताना म्हणाल्या, ‘मग आधीच का नाही विचारलं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ती सुनावणी नियोजन समितीपुढे होते. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार, अशी ती असते. हरकतीतच ‘मला समक्ष ऐकावे’ असं लिहा आणि बोलावणं आलं की जा. तिथे पाच मिनिटं मिळतात. अन्याय हा शब्द पहिल्या मिनिटात वापरू नका. त्याऐवजी विचारा की शेजारच्या मोकळ्या जागेतून हा रस्ता का जात नाही? जुन्या वहिवाटीच्या रस्त्याचं रुंदीकरण का होत नाही? पर्याय कागदावर काढून न्या, हाताने काढला तरी चालेल. नुसता विरोध ऐकून सदस्यांना कंटाळा येतो, पर्याय दिसला की पेन्सिल हातात घेतात.

हरकतींनी काही होतं का, असंही तुम्ही मनात म्हणत असाल. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या २०१३ च्या प्रारूप आराखड्यावर सुमारे ८७ हजार हरकती आल्या होत्या. मुंबईचा २०१५ चा प्रारूप आराखडा तर इतका अंगलट आला की शासनाने तो नव्याने करायला लावला आणि सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला. गर्दीने आराखडा हलतो. एकट्याने रेघ हलते, तीसुद्धा पुराव्यानेच.

आणि रेघ हललीच नाही तर? तर कलम १२६ प्रमाणे जागा घेताना पैसे, टीडीआर (गेलेल्या जागेच्या बदल्यात मिळणारा, दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा एफएसआय (उरलेल्या प्लॉटवर जादा बांधकामाची मुभा) द्यावा लागतो. छोट्या गावात टीडीआरला गिऱ्हाईक मिळणं कठीण, हे मी स्पष्ट सांगते. त्याहून मोठी अडचण तुमची नोटरी. मोबदला ज्याचं नाव अभिलेखात आहे त्याला मिळतो, आणि तिथे बहुधा अजून मूळ मालकाचंच नाव असेल. गुंठेवारी, म्हणजे परवानगीविना गुंठ्यागुंठ्याने पाडलेले प्लॉट, नियमित करायची सोय २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्रकरणांना लागू झाली आहे, तो अर्ज वेगळा करा. हरकतीच्या कागदात गुंठेवारीचं रडगाणं घालू नका, दोन्ही कामं बिघडतात.

प्रश्न : आमच्या जमिनीवर २००२ पासून बागेचं आरक्षण पडलंय. ना बाग झाली, ना आम्हाला काही करता येतं. – एक वाचक, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर : ‘आरक्षण पडलं’ हा लोकांचा शब्दप्रयोग मला फार नेमका वाटतो. आराखड्यात तुमची जागा बागेसारख्या सार्वजनिक कामासाठी राखून ठेवली की ते आरक्षण, आणि वीज पडावी तसं पडतं ते. अंतिम आराखडा अमलात येऊन दहा वर्षं झाली आणि जागा घेतली गेली नाही, तर कलम १२७ खाली मालकाने नगरपरिषदेला ‘ही जागा विकत घ्या’ अशी खरेदीची सूचना द्यायची, मालकीच्या कागदांसह. त्यानंतर २४ महिन्यांत जागा घेतली नाही किंवा भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. पूर्वी ही मुदत सहा महिने होती, मग बारा झाली आणि २०१५ मध्ये चोवीस. कागद अपुरे असले तर सूचनाच बाद ठरते, म्हणून वकिलाला दाखवल्याशिवाय पाठवू नका.

तुमचा हक्क मला मान्य आहे. पण अशी एकेक बाग सुटली की त्या प्रभागातल्या मुलांना खेळायला रस्ताच उरतो, हेही मी नोकरीत पाहिलंय. नगरपरिषदेला आधी टीडीआरची तयारी विचारून बघा. नाहीच म्हणाले तर खुशाल सूचना द्या. दोष तुमचा नाही, बागेसाठी कधी पैसेच बाजूला न ठेवणाऱ्यांचा आहे.

प्रश्न : प्लॉट घेण्याआधी आरक्षण आहे का हे कुठे कळेल?

उत्तर : नगररचना विभागात झोन दाखला मागा, आराखड्यात ती जागा कशासाठी दाखवली आहे ते त्यात असतं. अर्ज, चालू सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा आणि फी, एवढंच लागतं. दलालाने मोबाइलवर दाखवलेला नकाशा बघून इसार देऊ नका. आणि आराखडा सुधारणेला आला आहे का, तेही त्याच खिडकीवर विचारा. जुन्या आराखड्यातला पिवळा, म्हणजे रहिवासाचा, प्लॉट नव्या आराखड्यात हिरवा, म्हणजे शेतीचा किंवा मोकळ्या जागेचा, झालेला मी पाहिलाय, आणि घेणाऱ्याने इसार त्याच आठवड्यात दिला होता.