वाचकांचे प्रश्न : वॉटमीटर आणि संगणक

मॉडेल विमानाची मोटर, पंखा आणि बॅटरी यांचा मेळ तपासायला लागणारा वॉटमीटर संगणकाला जोडण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत.

प्रश्न : माझ्या वॉटमीटरला तीन पिनांचे डेटा-सॉकेट आहे. यूएसबी-सिरियल मॉड्यूल लावून लॅपटॉपला जोडले, तर पडद्यावर कधी अगम्य चिन्हे उमटतात, कधी काहीच नाही. बिघाड मीटरमध्ये की मॉड्यूलमध्ये? (सांगली)

उत्तर : बहुधा दोन्ही ठीक असतील. मॉड्यूल काढून आधी मल्टिमीटर हातात घ्या. वॉटमीटर चालू, मोटर बंद, अशा स्थितीत डेटाची पिन आणि ग्राउंड यांच्यातला डीसी व्होल्टेज बघा. ३.३ किंवा ५ च्या जरा खाली हलता आकडा दिसला तर तो टीटीएल सिग्नल (० ते ३.३ किंवा ५ व्होल्टचा साधा सिग्नल) आहे, तुमचे मॉड्यूल चालेल. आकडा उणे ५ ते उणे १२ असेल तर ती आरएस-२३२ लाइन. तिचा सिग्नल उलटा असतो आणि साध्या मॉड्यूलला तो व्होल्टेज झेपत नाही, म्हणून मध्ये आरएस-२३२ चे टीटीएल करून देणारे मॅक्स ३२३२ चे मॉड्यूल घालावे लागते.

आता यूएसबी मॉड्यूल एकटेच तपासा. त्याचे टीएक्स (पाठवणारी पिन) आणि आरएक्स (घेणारी पिन) एका तारेने जोडा, पुट्टी किंवा आर्डुइनोचा सिरियल मॉनिटर (सिरियल पोर्टवरची अक्षरे दाखवणारी सॉफ्टवेअर) उघडा आणि काही अक्षरे पाठवा. तीच परत उमटली तर मॉड्यूल आणि ड्रायव्हर दोन्ही शाबूत. तार काढल्यावर अक्षरे थांबलीही पाहिजेत. तरीही उमटत राहिली तर पुट्टीचा लोकल एको (टाइप केलेले स्वतःच पडद्यावर दाखवणे) चालू आहे. सीएच३४० चिपचा ड्रायव्हर विंडोजमध्ये पुष्कळदा वेगळा टाकावा लागतो. लिनक्समध्ये पोर्ट दिसतो पण उघडत नाही, तेव्हा उबुंटू किंवा डेबियनवर स्वतःला ‘डायलआउट’ गटात घाला.

मीटरचा टीएक्स मॉड्यूलच्या आरएक्सला जोडा आणि ग्राउंड ग्राउंडला. फक्त वाचायचे असेल तर या दोन तारा पुरतात. मधली लाल तार मोकळीच ठेवा. ती जोडली की मीटरचे ५ व्होल्ट आणि यूएसबीचे ५ व्होल्ट एकमेकांत प्रवाह ढकलू लागतात. मीटर ५ व्होल्टचा आणि मॉड्यूल ३.३ व्होल्टचे असेल तर डेटाच्या तारेत १ किलोओहम आणि मॉड्यूलच्या आरएक्सपासून ग्राउंडला २ किलोओहम लावा. ५ चे ३.३ होतात.

अगम्य चिन्हे म्हणजे बहुधा डेटाचा वेग (बॉड रेट) जुळलेला नाही. माहितीपत्रकात वेग दिला नसेल तर ९६००, १९२००, ३८४००, ५७६००, ११५२०० या क्रमाने बघा, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट ठेवून. कुठल्याच वेगाला अर्थ लागत नसेल तर सिग्नल उलटा असण्याचा संभव जास्त. एफटी२३२आर चिपचे मॉड्यूल असेल तर एफटी प्रॉग या सॉफ्टवेअरने आरएक्स उलटवता येतो.

प्रश्न : वॉटमीटर आणि ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारे सर्किट) दोन्ही एकाच वेळी लॅपटॉपला जोडून चाचणी घेतली. यूएसबीची केबल गरम झाली. का? (नाशिक)

उत्तर : चाचणी लगेच थांबवलीत तर बरे. अशा जोडणीत लॅपटॉपचा पोर्ट जळू शकतो.

बऱ्याच वॉटमीटरमध्ये शंट (प्रवाह मोजण्यासाठीचा अगदी कमी रोधाचा तुकडा) ऋण तारेत असतो. मीटरचे ग्राउंड बॅटरीकडच्या बाजूला आणि ईएससीचे ग्राउंड शंटच्या पलीकडे. दोन्ही लॅपटॉपला जोडले की मोटरच्या प्रवाहाला परतीची दुसरी वाट मिळते: ईएससी, यूएसबी केबल, लॅपटॉप, दुसरी केबल, मीटर. हिशेब करून बघा. शंट, तारा आणि कनेक्टर मिळून ५ मिलिओहम धरले, तर ५० अँपिअरला त्यांवर ०.२५ व्होल्ट पडतो. यूएसबीच्या दोन्ही ग्राउंड तारा मिळून सुमारे ०.४ ओहमच्या, म्हणजे त्यांतून ०.६ अँपिअर वाहतो. इतक्याने केबल कोमट होईल. पण मीटर आणि ईएससी यांच्यातला ऋणाचा कनेक्टर सैल झाला, किंवा बॅटरी आधीच लावलेल्या मीटरला ईएससी जोडताना धन आधी टेकले आणि ऋण नंतर, तर त्या क्षणी ईएससीच्या कपॅसिटरांचा सगळा झटका यूएसबीच्या बारीक तारेतून जातो. केबल खरोखर गरम झाली असेल तर ऋणाचा जोड आधी तपासा. तिथला डाख कच्चा असण्याची दाट शक्यता आहे.

एका वेळी एकच उपकरण जोडणे हा पहिला उपाय. खरा उपाय आयसोलेटर, म्हणजे दोन बाजूंचा विजेचा संबंध तोडून फक्त सिग्नल पुढे नेणारा भाग. डेटाच्या तारेत एडीयूएम१२०१ ही आयसोलेटर चिप बसवा; त्याची एक बाजू मीटरच्या ५ व्होल्टवर आणि दुसरी यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते, दोन्ही ग्राउंड वेगळी राहतात. ९६०० वेगाला पीसी८१७ ऑप्टोकपलरही चालतो, ११५२०० साठी ६एन१३७ घ्या. सोल्डरिंग नको असेल तर एडीयूएम३१६० चा तयार यूएसबी आयसोलेटर मिळतो. त्यावर वेगाचे बटण असेल तर ते फुल-स्पीडवर ठेवा.

प्रश्न : नोंदींवरून बॅटरीतून किती एमएएच (मिलिअँपिअर-तास) गेले हे कसे काढायचे? आणि पंखा काढून मोजले तर चालेल का? (रत्नागिरी)

उत्तर : पुट्टीत सेशन, मग लॉगिंगमध्ये ‘प्रिंटेबल आउटपुट’ निवडून फाइलचे नाव द्या. फाइल एक्सेलमध्ये उघडली की ए स्तंभात वेळ मिलिसेकंदात, बी मध्ये व्होल्ट, सी मध्ये अँपिअर अशी मांडणी करा. तिसऱ्या ओळीपासून डी मध्ये =(ए३-ए२)*(सी३+सी२)/२/३६०० हे सूत्र रोमन अक्षरांत लिहा. डी ची बेरीज म्हणजे एमएएच. २२०० एमएएचची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी असेल तर १७६० ला, म्हणजे ८० टक्क्यांना, थांबा. नंतर चार्जरने किती एमएएच परत भरले ते बघा. दोन आकड्यांत मोठी तफावत असेल तर मीटरचे कॅलिब्रेशन चुकले आहे.

पंखा काढून मोजलेला प्रवाह निरुपयोगी. भाराविना मोटर अगदी थोडा प्रवाह घेते. पंख्यासह मोजा, मोटर ओट्याला घट्ट बांधा आणि पंख्याच्या मागे उभे राहा. समोर किंवा पंखा फिरतो त्या रेषेत कधीही नाही. विमान उडताना पंख्यावरचा भार हलका होतो, त्यामुळे जमिनीवरचा आकडा त्याहून जास्तच येतो. ईएससी निवडताना हा जास्तीचा आकडाच धरा.

प्रश्न : कॉलेजच्या स्पर्धेसाठी आर्डुइनोवर स्वतःच मीटर करायचा आहे. ६० अँपिअरपर्यंत. (पुणे)

उत्तर : आयएनए२२६ ही व्होल्टेज आणि प्रवाह मोजणारी चिप घ्या. ३६ व्होल्टपर्यंत मोजतो, म्हणजे ६ सेलची लायपो (२५.२ व्होल्ट) आरामात बसते. तयार मॉड्यूलवर बहुधा ०.१ ओहमचा शंट असतो, तो काढून टाका. तसाच ठेवला, तर थोडा प्रवाह चिपच्या तारांतून त्याच्याकडे वळतो आणि मोजणी चुकते. बाहेर १०० अँपिअर ७५ मिलिव्होल्टचा पॅनेल-शंट लावा. बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडला मिळतो. त्याची किंमत ०.७५ मिलिओहम. चिपची एक पायरी २.५ मायक्रोव्होल्टची, म्हणजे ३.३ मिलिअँपिअरची. करंट एलएसबी (प्रवाहाच्या आकड्याची सर्वांत लहान पायरी) ५ मिलिअँपिअर धरला तर कॅलिब्रेशन रजिस्टरमध्ये १३६५ घाला.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या तारांत. शंटवर चार स्क्रू असतात. मोठ्या दोघांतून प्रवाह न्या, चिपच्या दोन तारा लहान स्क्रूंवरच घ्या. मोठ्यांवर घेतल्या तर बोल्टचा संपर्करोधही मोजला जातो आणि तो दर वेळी बदलतो. दोन्ही तारा पिळून, आखूड ठेवा. शंट धन तारेत बसवा. १६ नमुन्यांची सरासरी आणि १.१ मिलिसेकंद रूपांतर-वेळ ठेवली तर एक नोंद सुमारे ३५ मिलिसेकंदांनी मिळते, सेकंदाला २८. ९६०० वेगाने २५ अक्षरांच्या ओळी सेकंदाला ३८ जातात, म्हणजे तोही पुरतो.

मीटरमुळे बॅटरी आणि ईएससी यांच्यातल्या तारा लांबतात आणि ईएससीच्या कपॅसिटरांवर ताण येतो. वाढलेल्या दर १० सेंटिमीटरला २२० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर ईएससीच्या अगदी जवळ लावा. ४ सेलपर्यंत ३५ व्होल्टचा चालतो, ६ सेलला ५० व्होल्टचा घ्या.