फोटोची चौकट: सुरुवातीला एवढंच सांभाळा

आधी मोबाईल कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ग्रिड चालू करा. पडद्यावर 2 आडव्या, 2 उभ्या रेषा येतील. नाथसागर, म्हणजे पैठणचा जायकवाडी जलाशय, टिपताना क्षितिज मधोमध नको. आभाळ भरून आलं असेल तर क्षितिज खालच्या रेषेवर घ्या, पाण्यात रंग असतील तर वरच्या. आणि सरळ हवं. पाणी एकीकडं सांडतंय असं वाटलं की फोटो गेलाच.

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे लांबून सगळंच घेणं. ज्वारीच्या रानातला बैल टिपायचा तर चार पावलं पुढं जा. मोबाईलचा डिजिटल झूम चित्र कापून नुसतं मोठं करतो, बारकावे जातात. बैल उजवीकडं बघत असेल तर त्याला डाव्या उभ्या रेषेवर ठेवा, म्हणजे नजरेपुढं जागा राहते. बटण दाबण्याआधी चारी कडा बघा. शिंगांतून विजेचा खांब उगवलेला दिसला तर एक पाऊल बाजूला सरका किंवा खाली बसा.

बीबी का मकबऱ्यापुढं मात्र बिनधास्त मधोमध उभे राहा, कारंज्यांच्या रांगेच्या अगदी रेषेत. तिथली शोभा दोन्ही बाजू सारख्या असण्यातच आहे.

अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारं भोक), लेन्स सध्या राहू द्या. आठवडाभर एकाच वस्तूचे रोज 10 फोटो, वेगवेगळ्या उंचीवरून काढा.