हिवाळ्यातील जिगसाठी गळ कसा निवडावा?

प्रश्न : समुद्रात 80 ग्रॅमच्या जिगवर (माशासारख्या, धातूच्या वजनदार आमिषावर) 3/0 क्रमांकाचे जाड असिस्ट हुक (जिगच्या वरच्या टोकाला आखूड दोऱ्याने बांधलेले गळ) लावून उन्हाळ्यात मला चांगले मासे मिळतात. हिवाळ्यात मात्र जिग खाली सोडताना हलके टोचे जाणवतात, पण मासा गळाला लागत नाही. काही जण लहान गळ वापरायला सांगतात. क्रमांक किती कमी करावा, आणि जिगच्या शेपटीकडे तीन टोकांचा गळ लावावा का?

उत्तर : क्रमांकाआधी गळाची तार पाहावी, असे मी सुचवेन. मासा शीत रक्ताचा प्राणी असल्यामुळे पाणी थंड झाले की त्याच्या शरीराचा कारभार मंदावतो. तापमान 10 अंश सेल्सिअसने उतरले, तर चयापचयाचा वेग ढोबळमानाने निम्म्यावर येतो. (कॉडसारखे थंड पाण्यालाच सरावलेले मासे सोडून द्या, त्यांचा हिवाळा वेगळा असतो.) भक्ष्याचा पाठलाग करून त्यावर तुटून पडण्याऐवजी असा मासा ते जवळ आल्यावर हलकेच तोंडात ओढतो आणि संशय येताच तितक्याच सहज सोडून देतो. उन्हाळ्यात तो आपल्याच वेगाने आणि वजनाने गळ रुतवून घेत होता. आता ते काम तुमच्या दोरीला करावे लागते, आणि खोल पाण्यात प्रवाहामुळे दोरीला आलेला बाक रॉडच्या झटक्याचा बराचसा जोर खाऊन टाकतो. उरलेल्या जोरात जाड तारेचा गळ माशाच्या जबड्यात पुरता शिरत नाही.

तेव्हा बारीक तारेचा आणि सरळ, सुईसारख्या टोकाचा गळ घ्यावा. त्याची किंमत ताकदीत मोजावी लागते, आणि ती वाटते त्यापेक्षा जास्त असते : तार 10 टक्क्यांनी बारीक केली, तर कायमची वाकण्यापूर्वी ती जेवढा भार पेलते तो सुमारे 27 टक्क्यांनी घटतो. म्हणून गळ बदलला की रिळाचा ड्रॅगही (मासा ओढू लागला की दोरी किती जोराने सुटू द्यायची हे ठरवणारा ब्रेक) सैल करावा आणि जोरदार झटका देण्याऐवजी रॉड सावकाश, सलग उचलून दोरी ताणावी. मोठा, ताकदवान मासा येण्याचा संभव असेल, तेथे मात्र बारीक तारेचा मोह टाळलेलाच बरा.

आता क्रमांक. 1/0 पासून पुढे आकडा वाढतो तसा गळ मोठा होतो, हे खरे. पण एका उत्पादकाचा 2/0 दुसऱ्याच्या 2/0 एवढा असेलच असे नाही. त्यामुळे डबीवरील आकड्यापेक्षा पट्टीने मोजलेला घेर, म्हणजे टोक आणि दांडा यांमधले अंतर, अधिक विश्वासाचे. हा घेर जिगच्या रुंदीपेक्षा थोडा अधिक असावा. तो कमी पडला, तर टोक माशाच्या तोंडाला लागण्याआधी जिगचेच अंग आडवे येते. तुमची जिग रुंद असेल, तर 3/0 च ठेवून केवळ तार बारीक करावी. ती अरुंद आणि लांबट असेल, तर 2/0 किंवा 1/0 पर्यंत उतरायला हरकत नाही. नुसता लहान, पण तितक्याच जाड तारेचा गळ लावल्याने तुमची अडचण सुटणार नाही.

गळ बांधलेला दोरा आखूड आणि मऊ असावा, म्हणजे मासा पाणी आत ओढतो तेव्हा गळही सहज त्याच्या तोंडात जातो. तो जिगच्या वरच्या तृतीयांश भागापर्यंत लोंबला की पुरे. त्याहून लांब दोरा जिगभोवती किंवा लीडरला (मुख्य दोरी आणि जिग यांमधल्या दोरीच्या तुकड्याला) गुंडाळला जातो.

शेपटीकडच्या तीन टोकांच्या गळाच्या बाजूने मी नाही. टोचे वाया जाण्याचे प्रमाण त्याने घटू शकते, पण तो तळाशी खडकात अडकतो, जिगचे डोलत खाली जाणे मंदावते आणि सोडून द्यायच्या माशाला अधिक इजा होते. शेपटीकडे काही लावायचेच असेल, तर एकच लहान गळ लावावा आणि तो वरच्या गळापर्यंत पोहोचत नाही याची खात्री करावी.

प्रश्न : खाऱ्या पाण्यात गळ लवकर गंजतात. स्टेनलेस पोलादाचे घ्यावेत का?

उत्तर : स्टेनलेस गळ गंजाला अधिक तोंड देतात, पण त्यांचे पोलाद सहसा उच्च कार्बनी पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे अतिबारीक टोक त्यावर फार काळ टिकत नाही, आणि हिवाळ्यात सारी मदार टोकावरच असते. कथिलाचा किंवा निकेलचा मुलामा दिलेले कार्बनी पोलादाचे गळ घ्यावेत, वापरल्यावर गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावेत आणि ओले गळ कोऱ्या गळांच्या डबीत ठेवू नयेत. टोक नखावर अलगद टेकवून ओढावे. ते रुतले तर ठीक, घसरले तर बोथट झाले. कानशीने धार देता येते, पण तेथला मुलामा जातो आणि गंज तेथूनच सुरू होतो. असिस्ट हुकच्या दोऱ्यात मीठ आणि ओल साठून राहते, त्यामुळे दांड्यावर दोरा गुंडाळलेल्या भागाखाली लागलेला गंज वरून दिसत नाही. दोऱ्यावर तपकिरी डाग उमटला की टोक कितीही तीक्ष्ण असले तरी तो गळ बदलावा.