चोवीस माग ‘ऑटो’ करण्यापूर्वी

प्रश्न : मी लालबागला राहतो. वडील गिरणीत जॉबर (कामगारांवरचे मुकादम) होते. १९८२ च्या संपानंतर त्यांनी भिवंडीत गाळा घेतला आणि हळूहळू २४ साधे माग उभे केले. आज मी त्यांवर व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतो. आमचा मेकॅनिक सुचवतो की, मागामागे ४५,००० रुपये खर्चून सगळे माग ‘ऑटो’ करून घ्यावेत. उत्पादन वाढेल, एक कामगार सहाऐवजी बारा माग सांभाळेल आणि निम्मे पैसे सरकारकडून परत मिळतील. एकूण खर्च १० लाख ८० हजार आहे. त्यासाठी १२ लाखांच्या मुदत ठेवीतून ७ लाख काढावेत आणि उरलेली रक्कम १५ टक्के व्याजाने घ्यावी, असे मनात आहे. ठेव मुलीच्या पदव्युत्तर शिक्षणाची असून ती दीड वर्षाने लागेल. चुलतभावाचे म्हणणे आहे की, माग भंगारात काढून गाळा भाड्याने द्यावा. आपला सल्ला काय?

उत्तर : तुमच्या पत्रासोबत मेकॅनिकचे कोटेशन आणि गेल्या तीन महिन्यांचा हिशेब आहे, हे फार चांगले झाले. ‘ऑटो’ या एका शब्दात किती वेगवेगळ्या वस्तू दडलेल्या असतात ते त्या कोटेशनवरूनच दिसते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मागाच्या धंद्यात खऱ्या अर्थाने स्वयंचलित माग म्हणजे धोट्यातील (आडवे सूत इकडून तिकडे नेणाऱ्या साधनातील) कांडी (सूत गुंडाळलेली नळी) संपत आली की माग न थांबता कांडी किंवा धोटा आपोआप बदलणारा माग. अमेरिकेत नॉर्थ्रॉपने १८९० च्या दशकात कांडी बदलणारा माग बाजारात आणला आणि जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये पूर्ण वेगात धोटा बदलणारा माग सिद्ध केला. (त्या मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला एक लाख पौंडांना विकले गेले आणि तो पैसा पुढे टोयोटाच्या मोटारींच्या कामी आला, आमच्या व्यवसायात ही गोष्ट आवडीने सांगितली जाते.) तुमच्या कोटेशनमध्ये मात्र कांडी बदलणारी यंत्रणा कुठेच नाही. त्यात आहे ते असे : ताण्याची तार (कापडातील उभा धागा) तुटली की माग थांबवणारी वार्प स्टॉप मोशन, बाणा (आडवा धागा) तुटताच माग थांबवणारा मधला वेफ्ट फोर्क, बीमवरील (ताणा गुंडाळलेल्या रुळावरील) ताण सारखा राखणारा लेट-ऑफ, नवा ब्रेक, नायलॉनचे काही भाग आणि दीड अश्वशक्तीची मोटर. ही सुधारणा चांगलीच आहे, पण तिचे प्रामाणिक नाव ‘सेमी-ऑटो’ असे आहे, आणि त्या ‘सेमी’मध्येच तुमच्या मुलीच्या ठेवीचा प्रश्न अडकला आहे.

बारा मागांचे आश्वासन आपण आकड्यांवर तपासू. तुम्ही बाण्याला ३० नंबरचे सूत वापरता. कांडीवर साधारण ३० ग्रॅम सूत बसते असे धरले तर त्याची लांबी सुमारे १,५२० मीटर भरते. तुमच्या पन्ह्याच्या कापडात एका पिकला (धोट्याच्या एका खेपेला) साधारण १.३ मीटर बाणा लागतो, म्हणजे एका कांडीत १,१७० च्या आसपास पिक निघतात. मिनिटाला १५० पिकांच्या वेगाने ती कांडी पावणेआठ मिनिटांत संपते. एका कामगाराकडे सहा माग असतील आणि ते न थांबता चालत असतील, तर त्याला दर ७८ सेकंदांना कुठल्या ना कुठल्या मागावर कांडी बदलावी लागते; बारा माग दिले तर दर ३९ सेकंदांना. मी भिवंडीत एका गाळ्यात घड्याळ लावून हे काम पाहिले आहे. कामगार माग थांबवतो, पेटीतून धोटा काढतो, रिकामी कांडी टोपलीत टाकतो, भरलेली कांडी खिळीवर बसवतो, सुताचे टोक धोट्याच्या डोळ्यातून ओवतो, धोटा परत पेटीत ढकलतो आणि माग चालू करतो. सरावाच्या हाताला यासाठी १० ते १५ सेकंद लागतात, त्यात एका मागाकडून दुसऱ्याकडे चालण्याचा वेळ धरलेला नाही. मधेच तुटलेली तार शोधून, वहीतून (तारा वर-खाली करणाऱ्या मागाच्या चौकटीतून) आणि फणीतून काढून गाठायची, तीही त्यानेच. दर ३९ सेकंदांना हे करणारा माणूस तुम्हाला मिळणार नाही, आणि मिळाला तरी महिनाभराने तो गावी निघून जाईल.

म्हणून बारा मागांचा हिशेब बाजूला ठेवा. आठ माग, म्हणजे दर ५९ सेकंदांना एक कांडी, ही माझ्या मते वरची मर्यादा आहे, आणि तीही तारा तुटण्याचे प्रमाण खरोखर कमी झाले तरच. पुढे व्यापाऱ्याने जाड सूत दिले तर हे सगळे आकडे बिघडतील, कारण २० नंबरच्या बाण्याची कांडी जेमतेम पाच मिनिटे पुरते.

आता रुपयांकडे येऊ. तुमच्या हिशेबानुसार इंचाला ६० पिकांच्या कापडाला ११ पैसे पिक या दराने मीटरला ६ रुपये ६० पैसे मिळतात. माग ६५ टक्के क्षमतेने आणि महिन्याला ५५० तास चालतात, म्हणजे महिन्याचे उत्पादन सुमारे ३२,७०० मीटर आणि मजुरीची उलाढाल २ लाख १६ हजार. सुधारणेनंतर क्षमता ७५ टक्क्यांवर जाईल, हे मेकॅनिकचे म्हणणे मी वादापुरते मान्य करतो. तसे झाल्यास महिन्याला सुमारे ५,००० मीटर कापड जास्त निघेल. वाढीव मीटरवर कामगाराचे ३ रुपये आणि वीज, कांडी भरणे वगैरेचे १ रुपया ६० पैसे वजा केले की तुमच्या हाती २ रुपये राहतात, म्हणजे महिन्याला १०,००० आणि वर्षाला १ लाख २० हजार. १० लाख ८० हजार फिटायला नऊ वर्षे लागतील, आणि यात व्याजाचा एक रुपयाही धरलेला नाही. तेवढीच रक्कम ७ टक्क्यांच्या ठेवीत काही न करता वर्षाला ७५,६०० रुपये देते. फक्त वाढीव उत्पादनासाठी हा खर्च करणे म्हणजे घरचे खाऊन व्यापाऱ्याचे कापड विणणे आहे.

कामगारामागे आठ माग झाले तर चित्र बदलते. तेव्हा कामगाराचा दर मीटरला ३ रुपयांवरून २ रुपये ६० पैशांवर आला तरी त्याची महिन्याची कमाई सुमारे १२,३०० वरून १६,३०० वर जाते, आणि तुमचे आणखी १५,००० रुपये वाचतात. दोन्ही मिळून महिन्याला २५,००० धरले तर खर्च साडेतीन वर्षांहून थोड्या अधिक काळात वसूल होतो. मात्र दर कमी करण्याची ही बोलणी कामगारांना विश्वासात घेऊनच करावी लागतील. विणकराला दोनाऐवजी तीन माग देण्याच्या प्रश्नाने मुंबईच्या गिरण्यांत १९२८ मध्ये केवढा संप पेटला होता, ते लालबागच्या माणसाला मी सांगायला नको. शिवाय प्रत्येक पाळीत एक कामगार कमी होईल. तुमच्याकडे दहापेक्षा जास्त माणसे असल्याने, पाच वर्षे पूर्ण केलेल्याला ग्रॅच्युइटी द्यावी लागेल, आणि ती रक्कम कोटेशनमध्ये कोणी लिहिलेली नाही.

पत्राच्या शेवटी तुम्ही एक आकडा ओझरता दिला आहे आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. कापडातील दोषांसाठी व्यापारी महिन्याला सरासरी १४,००० रुपये कापून घेतो. तुटलेली तार तशीच राहून माग चालत राहणे आणि बीम उतरत जाताना वजने वेळेवर न सरकवल्याने ताण बदलणे, ही अशा दोषांची नेहमीची कारणे आहेत. पहिल्यावर वार्प स्टॉप आणि दुसऱ्यावर लेट-ऑफ हा सरळ उपाय आहे, आणि कोटेशननुसार या दोन गोष्टी मागाला २२,००० रुपयांत बसतात. एक सूचना मात्र करून ठेवतो. वार्प स्टॉप बसवल्यावर सुरुवातीला माग जास्त वेळा थांबतो, कारण पूर्वी तुटलेल्या तारेसह रेटून चालणारा माग आता उभा राहतो. पहिल्या महिन्यात मीटर कमी भरले म्हणून घाबरून त्याच्या पत्त्या (तार तुटताच खाली पडून माग थांबवणाऱ्या पातळ पट्ट्या) काढून टाकू नका. प्रत्येक तारेला एक याप्रमाणे या पत्त्या ओवाव्या लागतात. त्याच क्वालिटीचा बीम जुन्या तारांना गाठून चढवला तर त्या तशाच राहतात, पण क्वालिटी बदलली की वहिफणीवाल्याचे काम आणि बिल दोन्ही वाढतात.

मोटर बदलण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. आज २४ माग एकेका अश्वशक्तीचे आणि कांडी मशीनची मोटर धरून तुमचा जोडभार २७ अश्वशक्तीच्या आत आहे. यंत्रमागांच्या वीजसवलतीत राज्यात २७ अश्वशक्तीची रेघ आहे आणि तिच्या वरचे-खालचे हिशेब निराळे आहेत. दीड अश्वशक्तीच्या मोटरींनी तुमचा भार ३६ च्या वर जाईल. वेग वाढवायचा नसेल तर मोठी मोटर कशाला हवी, हे मेकॅनिकला विचारा.

अनुदानाविषयी थोडक्यात. साधे यंत्रमाग जागच्या जागी सुधारण्याची केंद्राची योजना होती, ‘पॉवरटेक्स इंडिया’मध्ये १ एप्रिल २०१७ पासून तीत सर्वसाधारण गटाला खर्चाच्या ५० टक्के, कमाल २०,००० रुपये मागामागे मिळत. तो कालावधी सरला आहे. मेकॅनिक बहुधा त्याच आठवणीवर बोलत आहे. मरीन लाइन्सच्या वस्त्रोद्योग आयुक्त कार्यालयात आज कोणती योजना चालू आहे ते लेखी विचारून घ्या, आणि लेखी मंजुरी हातात येईपर्यंत हिशेबात अनुदानापुढे शून्य लिहा.

पैसा कुठून आणायचा, यावर माझे मत ठाम आहे. दीड वर्षाने लागणारी मुलीची ठेव या कामासाठी मोडू नये. मागाची वसुली साडेतीन वर्षांची आणि फी दीड वर्षावर, हे गणित जुळतच नाही. त्याऐवजी तुमच्या उधारीकडे पाहा. व्यापारी ९० दिवसांनी पैसे देतो, म्हणजे तुमचे सुमारे साडेसहा लाख कायम त्याच्याकडे अडकलेले असतात. तुमची उद्यम नोंदणी आहे. २००६ च्या सूक्ष्म व लघु उद्योग कायद्याप्रमाणे लेखी करार असल्यास कमाल ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, ही मुदत टळलेली वर्षअखेरची थकबाकी प्रत्यक्ष चुकती करेपर्यंत प्राप्तिकरात खर्च म्हणून धरता येत नाही, त्यामुळे व्यापाऱ्याचा सनदी लेखापालही आता या तारखांकडे लक्ष देतो. कायद्याचा बडगा न दाखवता, नवा दर ठरवताना ४५ दिवसांचा लेखी करार मागा. तो मिळाला तर तुमचे स्वतःचेच सव्वातीन लाख मोकळे होतील, तेही बिनव्याजी. व्यापारी कुरकुर करील आणि कदाचित पिकला पाव पैसा कमी करू पाहील. तो पाव पैसा महिन्याला जवळपास ५,००० रुपयांचा असतो, तेव्हा तिथे मान डोलावू नका.

क्रम असा ठेवावा असे वाटते. आधी चार आठवडे गाळ्यात एक वही ठेवा आणि एकाच कामगाराच्या सहा मागांची प्रत्येक थांबण्याची नोंद करा : कांडी संपली, तार तुटली, की अन्य काही, आणि कामगार तिथे पोहोचेपर्यंत माग किती वेळ उभा होता. बहुतेक वेळ कांडीनेच खाल्ला असेल, तर या कोटेशनने तुमचा प्रश्न सुटणार नाही. तारांनी खाल्ला असेल, तर त्याच सहा मागांना फक्त वार्प स्टॉप आणि लेट-ऑफ बसवा. त्याला लागणारे १ लाख ३२ हजार तुम्हाला येत्या महिन्यात लागणाऱ्या दीड लाखाच्या भिशीतून भागतील. त्याआधी गाळ्यातल्या जॉबरकडून (माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून) त्या मागांचे क्रँक शाफ्ट आणि बुश तपासून घ्या, कारण सांगाडा हलत असेल तर नवी यंत्रणा त्यावर टिकत नाही.

तीन महिन्यांनी दोन गोष्टी बघा. त्या कामगाराला आणखी दोन माग देऊन पाहिल्यावर तो ते पेलतो का, आणि त्या मागांच्या कापडावरील कपात निम्म्यावर आली का. दोन्ही होकारार्थी असतील तर उरलेल्या साडेनऊ लाखांपैकी सव्वातीन लाख मोकळ्या झालेल्या उधारीतून आणि सव्वासहा लाख बँकेच्या मुद्रा कर्जातून उभे करा. या योजनेत १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. १२ टक्के आणि तीन वर्षे धरली तर हप्ता सुमारे २०,८०० रुपये बसतो, आणि तो २५,००० च्या बचतीत मावतो. १५ टक्क्यांचे कर्ज मात्र घेऊ नका.

चुलतभावाचा सल्ला मी उडवून लावणार नाही. चाचणी फसली तर गाळ्याचे भाडे आणि आज मागांतून सगळे वजा जाता हाती राहणारी रक्कम यांची तुलना करावीच लागेल, आणि त्या तुलनेत तुमचा स्वतःचा लालबाग ते भिवंडी रोजचा प्रवास आणि दिवसाचे बारा तास यांनाही पगार लावा. तोवर मागांना गिऱ्हाईक शोधू नका आणि ठेवीच्या पावतीला हात लावू नका. वही मात्र याच सोमवारपासून सुरू करा, आणि ती मेकॅनिकच्या नव्हे, कांडी बदलणाऱ्या कामगाराच्या हाती द्या.